गोदाकाठचे हत्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी मुलांचे संगोपन, आहारशास्त्र किंवा संतवाङ्मय यांपैकी एखादा विषय निवडावा, अशी आपल्याकडची रीत आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला आणि मी "जुनी हाडे" असे उत्तर दिले, तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. मंगल दिवशी हाडांचा विषय कसा काढावा, हा त्यांचा संकोच मला समजतो. परंतु ज्या हाडांविषयी मी बोलणार आहे ती हजारो वर्षांपूर्वी दगड झालेली आहेत, आणि ती आपल्या गोदामाईच्या कुशीत निजलेली आहेत. तेव्हा विटाळाचे भय कोणी बाळगू नये!

मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या काळात एक अनुभव मला वारंवार आला. डायनोसॉर म्हटले की मुलींचे डोळे चमकत. त्यांना अमेरिकेतल्या डायनोसॉरांची नावे पाठ असत. पण आपल्या घरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर एकेकाळी प्रचंड हत्ती हिंडत होते, हे त्यांतील एकीलाही ठाऊक नसे. त्यांच्या आयांनाही नसे. म्हणून म्हटले, आज आयांशीच बोलावे.

प्रथम आपल्या पायाखालची जमीन पाहू. आपले शहर, दौलताबादचा किल्ला, वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी हे सारे काळ्या पाषाणावर उभे आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला आणि थरावर थर साचून थंड झालेला लाव्हारस होय. कैलास लेणे ज्या खडकात कोरले तो हाच. तप्त रसात हाड टिकत नाही. त्यामुळे लेण्यांच्या भिंतींत कोणी प्राण्यांचे अवशेष शोधू लागला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. हाडे सापडतात ती नदीच्या गाळात. गोदावरीने, प्रवरेने, मांजरेने हजारो वर्षे माती, वाळू आणि गोटे आणून काठावर रचले. नदीच्या उंच दरडीकडे पाहिले तर खाली चुन्याने घट्ट झालेले गोटे, वर पिवळसर माती, त्यावर काळी जमीन असे थर दिसतात. आपल्या मोठ्या पातेल्यात चकलीच्या भाजणीची धान्ये एकावर एक ओतावीत, तसे ते थर आहेत. तळाचे आधी, वरचे नंतर. या तळाच्या थरांत ती जुनी जनावरे आहेत.

आता पैठणकडे वळू. पैठण म्हटले की आपल्याला नाथमहाराज आठवतात, नाथषष्ठीची यात्रा आठवते, आणि खरे बोलायचे तर पैठणीही आठवते. जुन्या कागदांत या गावाचा उल्लेख पुष्कळदा 'मुंगी-पैठण' असा जोडीने येतो. मुंगी हे गाव पैठणच्या खालच्या अंगाला, गोदेच्या दक्षिण तीरावर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात आहे. १७२८ साली पालखेडच्या लढाईनंतर पहिल्या बाजीरावाने निजामाशी जो तह केला तो मुंगी-शेवगावचा. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे नाव वाचलेले आहे. परंतु शास्त्राच्या इतिहासातही मुंगीचे नाव आहे, ते आपल्या कानी पडलेले नाही.

१८६० नंतरच्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे वाइन नावाचे अधिकारी या भागात हिंडत होते. मुंगीजवळ गोदेच्या जुन्या गाळात त्यांना प्राण्यांची दगड झालेली हाडे मिळाली, आणि त्याच थरात अकीकाची एक ढलपी मिळाली. अकीक आपल्याला परका नाही. अंगठीतला, माळेतला अकीक आपण पाहतो. पण ही ढलपी निसर्गाने फोडलेली नव्हती, माणसाने मुद्दाम काढलेली होती. आजच्या सुरीचे ते पणजीचे रूप समजा. त्याच खात्याचे प्रमुख ओल्डहॅम यांनी १८६८ साली तिच्याविषयी स्वतंत्र लेख लिहिला. एका लहानशा दगडासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, नामशेष झालेल्या जनावरांच्या काळात माणूस होता की नव्हता, यावर त्या वेळी युरोपात मोठा वाद माजला होता. भारतात रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे पहिले दगडी हत्यार मिळाले ते १८६३ साली. त्यानंतर थोड्याच काळात आपली मुंगी साक्ष देण्यास उभी राहिली की, होय, ही जनावरे जेव्हा पाण्यावर येत होती तेव्हा काठावर माणूसही होता. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदविले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच परिसरात मुक्या हाडांनीही तोंड उघडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

गोदेच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांचा तेथे संगम होतो. तेथील गाळातून एका अजस्र हत्तीची कवटी निघाली, आणि भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या हत्तीचे शास्त्रीय नाव नर्मदेवरून पडले आहे, कारण त्याची पहिली ओळख नर्मदेच्या खोऱ्यात झाली. आपण त्याला नर्मदेचा सरळसुळ्या हत्ती म्हणू. आजचा आपला नर हत्ती खांद्यापाशी साधारण नऊ फूट उंच असतो. हा चौदा-पंधरा फुटांपर्यंत जात असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या सभागृहाच्या दारातून तो आत आला नसता, आणि खिडकीतून डोकावण्यासाठी त्याला वाकावे लागले असते.

हत्तीची दाढ आपल्यापैकी फार थोड्या जणींनी पाहिली असेल. तिची ओळख करून देण्यास मला पाट्यासारखी दुसरी उपमा सापडत नाही. नुकतीच टाकी लावून घेतलेल्या पाट्यावर जशा आडव्या खाचा असतात, तशा कंगोऱ्यांच्या रांगा हत्तीच्या दाढेवर असतात. एका वेळी जबड्याच्या प्रत्येक बाजूला अशी जवळजवळ एकच दाढ काम करते. ती झिजली की मागून दुसरी पुढे सरकते, आणि आयुष्यात असे सहा वेळा होते. शेवटची झिजली की हत्तीचे चर्वण संपले. पाट्याला पुन्हा टाकी लावता येते, हत्तीच्या दाढेला येत नाही, एवढाच काय तो फरक! या कंगोऱ्यांची रचना पाहून जाणकार हत्तीची जात सांगतो. स्टेगोडॉन नावाचा हत्तीचा एक जुना भाऊबंद होता. त्याच्या दाढेवरचे कंगोरे कौलारू छपरासारखे उतरते असत, आणि त्या नावाचा अर्थही 'छपरासारखे दात असलेला' असाच आहे. त्यातल्या एका जातीला फाल्कनर आणि कॉटली या इंग्रज संशोधकांनी आपल्या गणपतीचे नाव दिले. ज्या दैवताचे मस्तक गजाचे, त्याचे नाव हिमालयाच्या पायथ्याशी मिळालेल्या लांब सुळ्यांच्या गजाला मिळाले. परक्यांनाही येथे गणपतीच आठवला, याचे मला कौतुक वाटते.

हत्तीबरोबर आणखी कोण कोण होते? गोदेच्या काठी काळेगाव येथे डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक हसमुख सांकळिया यांना जुन्या रानबैलाचे अवशेष आणि आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. हेच सांकळिया १९५४ ते १९५६ या काळात, ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाला उत्खनन करीत होते. या रानबैलाचे महत्त्व असे की, आपल्या पोळ्याच्या बैलाचे, त्या वशिंडवाल्या नंदीचे पूर्वज याच कुळातले. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या बाजूला माणसाने त्यांना माणसाळवले, असे आजचे शास्त्र सांगते. पोळ्याला आपण ज्याच्या शिंगांना रंग देतो आणि ज्याला पुरणपोळीचा घास भरवतो, त्याच्या रानटी पणजोबाला माणसे एकेकाळी भिऊन असत. तिकडे लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी हत्ती व रानबैल यांच्याबरोबर पाणघोड्याचेही अवशेष मिळाले आहेत. पाणघोडा आज फक्त आफ्रिकेत उरला आहे. त्याला बारमाही खोल पाणी लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्या लातूरच्या नदीत कधीकाळी पाणघोडे डुंबत होते! हवामान बदलते, नद्या बदलतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि हाडांवरून उमगणे वेगळे.

आता दागिन्यांची गोष्ट, म्हणजे मागच्या रांगेतील कुजबूज थोडी थांबेल. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव लागते. पाटणादेवीला आपल्यातील पुष्कळ जणी जाऊन आल्या आहेत. तेथे १९७२-७३ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ साळी यांनी उत्खनन केले आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी बाहेर काढले. एका कवचाच्या तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षीही आहे. त्याचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे ठरले. अंड्याचे कवच गोल घासायचे, मधोमध भोक पाडायचे आणि दोऱ्यात ओवायचे, हे काम किती नाजूक आणि किती वेळखाऊ असेल, ते विणकाम-भरतकाम करणाऱ्या आपल्याला सांगायला नको. भारतात शहामृग खरेच होते का, ही शंका काहींना होती. २०१७ साली हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी भारतात मिळालेल्या अशा जुन्या कवचातील आनुवंशिक द्रव्य तपासले आणि ते आफ्रिकेतील शहामृगाच्या जवळचे असल्याचे दाखवले.

इतक्या जुन्या काळातले हाड टिकते कसे, हे थोडक्यात सांगते. आपल्या घरी पाणी तापवण्याच्या बंबात काही महिन्यांत पांढरा चुना बसतो, तो पाण्यातल्या क्षारांचा. जनावर नदीकाठी मेले, गाळाने त्याला लगेच झाकले, तर हाडाच्या बारीक छिद्रांत असेच क्षार शिरून बसतात. मऊ भाग नाहीसा होतो, जागा दगड घेतो, आकार मात्र हाडाचाच राहतो. वर उघड्यावर पडलेले हाड ऊनपावसाने आणि तरसाकोल्ह्यांनी संपते. म्हणून हजारांत एखादेच टिकते, आणि म्हणूनच ते मोलाचे.

पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हाडाचे निम्मे मोल हाडात असते आणि निम्मे ते जेथे पडले त्या जागेत. माझ्या माहेरची हकीकत सांगते. आमचे गाव गोदेच्या काठचे. थोरल्या दादाने विहीर खणायला घेतली. पिवळी माती संपून गोट्यांचा थर लागला, तेव्हा एक जड, खाचा-खाचांचा दगड वर आला. आजी म्हणाली, "हा कोणाचा रे जुना पाटा?" तिने तो धुऊन वृंदावनापाशी ठेवला, आणि कित्येक वर्षे तो तेथे राहिला. मी शास्त्राची पदवी घेऊन माहेरी गेले तेव्हा ती हत्तीची दाढ आहे हे ओळखले आणि दादाला म्हटले, कोणा जाणत्याला कळव. त्याने एका कचेरीला पत्र घातले. काही महिन्यांनी एक गृहस्थ आले, चहा घेतला, दाढ कापडात गुंडाळली आणि तपासून परत पाठवतो म्हणाले. पावती दिली नाही. विहीर पाहिली नाही, थर पाहिला नाही, किती हात खोल ते विचारले नाही. आजीने त्यांना हळदकुंकवाचे बोट लावून दाढ दिली होती. तिला अखेरपर्यंत वाटे, माझा पाटा परत येईल. तो आला नाही. दादाने पुन्हा दोन पत्रे घातली, त्यांना उत्तर नाही. आता विहीर बांधून काढलेली आहे, थर विटांच्या आड गेला आहे आणि दाढेचा ठावठिकाणा नाही. ती दाढ आज एखाद्या कपाटात असली, तरी ती कोठली, कोणत्या थरातली, तिच्या शेजारी काय होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. गावाचे नाव विसरलेल्या म्हाताऱ्यासारखी तिची गत झाली.

आपल्या लोकांना या हाडांचे कुतूहल पूर्वीपासून आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने उत्तरेत कालवा खणवला तेव्हा हत्तींची आणि राक्षसासारख्या माणसांची हाडे निघाली, असे फिरिश्ताने लिहून ठेवले आहे. हा फिरिश्ता विजापूरला जाण्यापूर्वी अहमदनगरच्या निजामशाहीत होता, म्हणजे आपल्याच शेजारचा. शिवालिक टेकड्यांत लोक अशा हाडांना विजेची हाडे म्हणत. आणि अगदी अलीकडची गोष्ट घ्या. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या या गावी लोक गोल दगडांची 'काकर भैरव' म्हणून पूजा करीत. शेताचे आणि गुराढोरांचे हा देव रक्षण करतो, अशी त्यांची श्रद्धा. २०२३ साली तज्ज्ञांनी ते दगड पाहिले, तेव्हा ती डायनोसॉरची अंडी निघाली. कोणी हसेल. मला हसू आले नाही. माझ्या मते त्या गावकऱ्यांनी, काय आहे हे ठाऊक नसताही, ती अंडी कित्येक वर्षे फुटू दिली नाहीत. सांभाळण्याची बुद्धी त्यांच्यापाशी होती, माहिती तेवढी नव्हती. आपल्यापाशी माहिती आहे, तेव्हा आपण काय करतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

सरकारने आणि लोकांनी राखलेल्या काही जागा आपल्या देशात आहेत, त्या सांगते. हिमाचल प्रदेशात सिरमूर जिल्ह्यात साकेती येथे १९७४ साली भूवैज्ञानिक खात्याने जीवाश्म उद्यान उभारले. तेथे जुन्या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे मांडले आहेत. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे १९८० नंतरच्या वर्षांत डायनोसॉरची हाडे आणि अंडी मिळाली. पूर्वी लोक ती सहज उचलून नेत. तेथील जुन्या संस्थानिक घराण्यातील आलिया सुलताना बाबी या बाईंनी पुढाकार घेऊन गावकऱ्यांना आणि पाहुण्यांना त्यांचे महत्त्व सांगितले. आता कुंपण आहे, आणि २०१९ पासून संग्रहालयही आहे. एका बाईने मनावर घेतले तर काय होते, याचा हा दाखला मी मुद्दाम या सभेत ठेवते. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान केले आहे. तेथे दगड झालेले वृक्षांचे बुंधे पाहायला मिळतात. त्याच प्राणहिता-गोदावरीच्या मुलखात १९६० च्या सुमारास एक अवाढव्य डायनोसॉर मिळाला. त्याच्या मोठ्या पायांवरून आणि टागोरांच्या जन्मशताब्दीवरून त्याला 'बारापासॉरस टागोराय' हे नाव दिले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनोसॉरची वाळून दगड झालेली विष्ठाही मिळते! नाके मुरडू नका. २००५ साली शास्त्रज्ञांनी तीत गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते, असा तोवर समज होता. आपल्या ताटातला भात, पोळी, भाकरी हे सारे गवताच्याच कुळातले. तेव्हा त्या कुळाचा एवढा जुना पुरावा एका वऱ्हाडी-झाडीच्या शेतात मिळाला, हे केवढे नवल!

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. नांदूर मध्यमेश्वर राखलेले आहे. १९८६ साली ते अभयारण्य झाले, आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ म्हणून त्याची आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. पण ते राखले आहे पक्ष्यांसाठी. पैठणचा नाथसागरही १९८६ सालीच पक्षी अभयारण्य झाला. पक्ष्यांचे रक्षण झाले याचा आनंदच आहे. रोहित पाहायला आपणही जातो. मात्र ज्या गाळावर ते पक्षी उतरतात त्या गाळातील हत्तीसाठी वेगळी पाटी नाही. मुंगीच्या दरडीला तर काहीच नाही. १९५८ च्या कायद्याने लेणी, किल्ले, मंदिरे यांना संरक्षण मिळाले. जीवाश्मांच्या व भूशास्त्रीय वारशाच्या जागांसाठी केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली एका कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. नुसता मसुदा कुंपण घालीत नाही. तोवर नदीची दरड वाळूच्या उपशाने ढासळते, वीटभट्टीची माती काढताना थर निघून जातो, आणि हाड निघाले तर ते खडी म्हणून भरावात पडते.

येथे आपल्यातील एखादी म्हणेल, आणि तिचे म्हणणे रास्त आहे, की बाई, प्यायला पाणी नाही, हाताला काम नाही, तेथे मेलेल्या हत्तीचे काय घेऊन बसलात? वीटभट्टीवर राबणारी बाई पोटासाठी राबते. जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली ते पुरे झाले. त्याखाली कितीतरी गावे गेली, लोकांची राहती घरे गेली. माणसांची घरे गेली तेथे हाडांसाठी रडावे काय? माझे उत्तर असे आहे. हाडासाठी विहीर थांबवा, भट्टी बंद करा, असे मी म्हणत नाही. मी मागते ते दोन दिवस. हाड दिसले की त्या कोपऱ्यातले फावडे दोन दिवस थांबावे आणि जाणत्या माणसाला निरोप जावा. एवढ्याने कोणाची चूल विझत नाही. आणि पाण्याचेच म्हणाल, तर आपली नदी पूर्वी केव्हा भरून वाहत होती, केव्हा आटली, कोणत्या काळात कोणती जनावरे येथून गेली, हे त्या गाळातच लिहिलेले आहे. पाण्याची चिंता करणाऱ्यांनी तर ते पान फाडू देऊ नये.

म्हणून मंडळापुढे मी चार साध्या गोष्टी ठेवते. पहिली: गावाकडे, माहेरी-सासरी नदीकाठी कोणाला विहिरीत, दरडीत, वाळूत जड दगडी हाड किंवा दात दिसला, तर तो उकरून काढू नये. फोटो काढावा, शेजारी एखादी पट्टी किंवा बांगडी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. दुसरी: गाव, गट, तारीख, किती खोल आणि कोणत्या थरात, हे त्याच दिवशी कागदावर लिहावे. हिशेबाची वही आपण सगळ्या जणी ठेवतो, त्यात एक पान आणखी. तिसरी: पुण्याचे डेक्कन कॉलेज, आपल्या येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नाहीतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे नागपूरचे कार्यालय यांपैकी कोणाला तरी कळवावे, आणि वस्तू कोणाच्याही स्वाधीन करताना सहीची पावती घ्यावी. दूधवाल्याच्या दुधाचा हिशेब आपण लिहून ठेवतो, मग पन्नास हजार वर्षांच्या दाढेची पावती का मागू नये? चौथी: यंदाची मंडळाची सहल पैठणला जाणारच आहे. नाथांच्या समाधीचे दर्शन घेऊ, साड्याही पाहू. पण एक तास मुंगीच्या काठासाठी ठेवू. मुलीनाती बरोबर घेऊ. दरडीचे थर त्यांना बोटाने दाखवू, आणि मुंगीच्या ग्रामपंचायतीला मंडळाच्या वतीने एक पत्र देऊ की, १८६० नंतरच्या दशकात ज्या गावाने शास्त्राला साक्ष दिली, त्या गावाच्या वेशीवर त्याची एक पाटी असावी. पाटीचा खर्च मंडळ उचलील काय, हे कार्यकारिणीने ठरवावे. माझी वर्गणी मी आजच चिटणीसबाईंकडे देऊन ठेवली आहे.

ते हत्ती, ते पाणघोडे, ते शहामृग आपल्या मुलखातून गेले. हवामान बदलले म्हणून गेले की माणसाने मारले म्हणून, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही; दोन्ही कारणे मिळून असतील. पण उरलेल्या हाडांचे काय होते, यात तिसऱ्या कोणाचा हात नाही. ते सर्वस्वी आपल्याकडे आहे. आपल्या आज्यापणज्यांनी घरातली जुनी भांडी नावे घालून जपली, म्हणून आज आपल्याला त्यांची नावे वाचता येतात. नदीच्या घरातले हे भांडेही कोणीतरी नाव घालून जपले पाहिजे.